तीन रेघांवरचा स्टिकर

बुरशीच्या खुर्च्या विकणाऱ्या एका डिझायनरने मला फसवलं. पैशात नाही. पैसे त्याने ठरले तेवढे, ठरल्या दिवशी दिले आणि मी ते मोजून घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मला माझ्या खुणेवरून फसवलं. खुर्च्यांचं कौतुक होत होतं तोवर त्याने माझी खूण झाकून ठेवली, आणि खुर्च्या बिघडल्या त्या दिवशी चारचौघांत तीच खूण उघडी करून माझ्याकडे बोट दाखवलं.

खूण म्हणजे काय ते आधी सांगतो. नाशकात अंबडला माझी फर्निचरची शेड आहे. ती मला कुणी दिलेली नाही. पंचवटीत एका दुरुस्तीच्या दुकानात मी खुर्च्यांना वेत विणायला बसायचो. बोटं फाटायची. तिथला मालक माझं काम गिऱ्हाइकाला दाखवताना म्हणायचा, "आमच्याकडं असं होतं बघा." आमच्याकडं! तो स्वतः वेताची एक काडी सरळ करू शकत नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा एका खुर्चीच्या बैठकीखाली, आडव्या पट्टीवर, पटाशीने तीन रेघा मारल्या. कुणाला दिसणार नाहीत अशा जागी. मला दिसत होत्या, तेवढं पुरे होतं.

पुढे स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा त्या रेघांना मी एक वचन जोडलं. खुर्ची उलटी करा, तीन रेघा दाखवा, दुरुस्ती फुकट. कधीही. पावती विचारणार नाही, वर्ष विचारणार नाही. भाव करताना मी कुणाला सोडत नाही. सागवानवाल्याला मी रडवलेलं आहे, हॉटेलवाल्यांना घाम फोडलेला आहे. पण रेघ मारली की त्या वस्तूबद्दल भांडण संपलं. आणि रेघ मारायची पद्धतही ठरलेली. खुर्ची पूर्ण झाली की मी स्वतः तिच्यावर बसून एक अख्खा चहा पितो. रेलून, वळून, एका कुशीवर होऊन. कुरकुरली तर परत आत. चहा संपेपर्यंत गप्प राहिली तर उलटी करून तीन रेघा. आधी चहा, मग रेघा.

हा क्रम मी आयुष्यात एकदाच मोडला. त्याचीच ही गोष्ट आहे.

डिझायनर माझ्याकडे आला तो हातात एक पांढरी वीट घेऊन. वजनाला थर्माकोलसारखी, हाताला साबराच्या कातड्यासारखी. बाहेर कुठेतरी शिकून आला होता. गुडघ्यावर फाटलेली महागडी पँट आणि पायात रबराच्या चपला. मला काका म्हणाला. धंद्यात पहिल्या भेटीत काका म्हणणाऱ्या माणसाला मी भाव आधीच चढा सांगतो.

"काका, ही बुरशी आहे," तो म्हणाला.

"दिसतंय. फेकून का नाही दिली?"

तो हसला. हसायची त्याची एक तयार पद्धत होती, दात दाखवून, डोळे तसेच ठेवून. मग त्याने मला समजावलं. मला समजावणाऱ्यांचा राग येतो, पण गोष्ट खरीच होती आणि मी ती लगेच ओळखली. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, ज्या आमच्याकडे बांधावर जाळतात, त्यांचा चुरा करायचा. त्यात भाताचं तूस घालायचं. ते वाफवून, थंड करून त्यात अळिंबीचं बियाणं मिसळायचं आणि साच्यात भरून अंधारात ठेवायचं. दहा-बारा दिवसांत बुरशीचे पांढरे धागे त्या चुऱ्याला आतून असे शिवून टाकतात की साच्याच्या आकाराचा एक ठोकळा तयार होतो. तो वाळवायचा आणि मग भट्टीत घालून बुरशी पुरती मारायची. खालून तागाचं कापड आणि राळ लावली की माणसाचं वजन पेलतो. लाकूड कमी लागतं. मला विज्ञान येत नाही, पण आपल्या आपण सांधणारा माल म्हणजे काय, हे सांधे करत आयुष्य गेलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

त्याला पंचवटीतल्या एका अभ्यासिकेची चाळीस खुर्च्यांची ऑर्डर मिळाली होती. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे दिवसदिवस बसतात. चालवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना काहीतरी चांगलं करायचं होतं, आणि चांगलं करायची हौस असलेल्या माणसाला गाठणं या मुलाला बरोबर जमत होतं. ऑर्डर त्याची होती, पण खुर्ची कशी उभी राहते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दाखवलेल्या चित्रातल्या खुर्चीला मागचे पाय इतके आत होते की रेलणारा पोरगा थेट टाळूवर पडला असता.

"ही खुर्ची आहे की घसरगुंडी?" मी विचारलं.

"ते आपण सोबत डेव्हलप करू ना, काका."

सोबत म्हणजे मी. पाय, चौकट, सांधे, आडव्या पट्ट्या माझ्या. साचे माझ्या ओळखीच्या जुन्या नाशकातल्या चाचांनी केले. चाचा फायबरचे साचे करतात, पूर्वी मिरवणुकीच्या रथांचे हत्ती-घोडे करायचे. त्यांनी पहिल्या साच्यात तो ओला चुरा भरताना बघितला आणि म्हणाले, "शेठ, खुर्ची बनवायलेत का भाजी लावायलेत?"

"तू साचा बघ."

"मैं तो साचाच बघतो. पण हे उगवलं तर तोडायचं कोणी?"

आम्ही हसलो. डिझायनरने तेही मोबाइलवर टिपून घेतलं.

बियाणं आणि तूस पेठ तालुक्यातल्या एका बाईंकडून यायचं. त्यांचा आणि त्यांच्या गावच्या बायकांचा धिंगरी अळिंबीचा उद्योग आहे. एका बंद खोपटात पिशव्या टांगून वाढवतात. बाई पिकअपमधून स्वतः यायच्या, पोत्यावर बसून, आणि माझ्याशी भाव करताना एक रुपयाही सोडायच्या नाहीत. मला त्यांचा आदर होता. खुर्च्यांच्या पूर्ण धंद्यात ज्या बुरशीवर सगळं उभं होतं ती ओळखणारं माणूस एकच होतं, आणि ते पोत्यावर बसून यायचं.

पहिल्या बारा खुर्च्या मी सगळ्या स्वतः पार पाडल्या. माझ्या शेडशेजारी पावडर कोटिंगचा कारखाना आहे, तिथे लोखंडाला रंग भाजायची मोठी भट्टी आहे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ती मी मागून घेतली, उष्णता कमी ठेवली, आणि बारा बैठका, बारा पाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाजल्या. वास असा सुटला की रस्त्यावरचा चहावाला विचारायला आला, पाव लावलेत का. भाजून निघालेला ठोकळा बोटाने वाजवला की टणटण बोलतो. कच्चा ठोकळा धप्प वाजतो. एवढा सोपा हिशेब आहे. बाराच्या बारा खुर्च्यांवर मी चहा प्यालो. बाराच्या बारा वाजवल्या. मग रेघा मारल्या.

उरलेल्या अठ्ठावीसच्या वेळी भट्टीवाल्याने अडवलं. त्याला सलग दोन सुट्ट्या द्यायच्या नव्हत्या, लोखंडाला वास लागतो म्हणाला. इकडे अभ्यासिकेच्या उद्घाटनाची तारीख छापून झालेली. डिझायनर म्हणाला, "काका, बेकिंग आमच्या लॅबमध्ये करून घेतो. तुम्ही फक्त कापड-राळ लावून जोडून द्या, अख्ख्या खुर्च्या तिथे भट्टीत जातील."

आता माझी चूक सांगतो, कारण ती मी लपवत नाही आणि दुसऱ्याला सांगायला ठेवतही नाही. मी खूश झालो. भट्टीचं झंझट त्याच्या गळ्यात गेलं, भाव तोच राहिला. मी मनात म्हटलं, पोरगा फसला. आणि ते काम वाचलं म्हणून मी अठ्ठावीस आडव्या पट्ट्या एकत्र तासायला घेतल्या, आणि पटाशी हातात होतीच म्हणून अठ्ठावीस पट्ट्यांवर रेघाही एकत्र मारून टाकल्या. खुर्ची जोडायच्या आधी. चहाच्या आधी.

माल उचलायच्या दिवशी पेठच्या बाई आल्या होत्या, रिकामी पोती न्यायला. त्यांनी एका बैठकीच्या खालच्या अंगाला अंगठा दाबला, तो नाकाशी धरला आणि डिझायनरसमोर मला म्हणाल्या, "मेली नाय ही, दादा. झोपलीय."

"म्हणजे?"

"पाणी मिळालं का उठंल."

डिझायनर म्हणाला, "ताई, लॅबला टेम्परेचर देणार आहे. सायन्स आहे ते."

"असंल," बाई म्हणाल्या. "पन बुरशीला नाय ना म्हाईत."

मी हसलो. डिझायनरकडे बघून हसलो, हे खरं. पण टेम्पो अडवला नाही. भट्टीत जाणार आहेत ना, मग झालं, असं म्हणालो. त्याने माझ्यासमोर मान हलवली. दोनदा.

उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मी धुतलेला शर्ट घालून गेलो आणि मागे, चपलांच्या मांडणीजवळ उभा राहिलो. समोर डिझायनर माइकवर. तेव्हाही काहीतरी फाटकंच घातलं होतं. म्हणाला, ही खुर्ची बनवलेली नाही, ही उगवलेली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिकलेले लोक. उगवलेली! मग मी तीन आठवडे काय तिला पाणी घालत होतो? मग म्हणाला की या बुरशीचं वाण आम्ही आमच्या लॅबमध्ये विकसित केलं. पेठच्या बाईंच्या खोपटाला त्याने लॅब केलं आणि बाईंना गाळून टाकलं. शेवटी आभार मानताना म्हणाला, "आणि आमचे एक व्हेंडर, अंबडचे." हात माझ्या दिशेला नाही, दाराच्या दिशेला केला.

तेवढ्यावर मी चिडलो नव्हतो. भाषणातली माणसं खोटं बोलतातच. कार्यक्रम संपल्यावर मी सवयीने एक खुर्ची उलटी केली. पट्टीवर, बरोबर रेघांच्या जागी, एक हिरवा गोल स्टिकर. पानाचं चित्र, खाली त्याच्या धंद्याचं नाव. दुसरी उलटी केली. तिसरी केली. सगळीकडे तेच. पट्टी दीड हात लांब आहे. स्टिकर लावायला त्याला पूर्ण पट्टी मोकळी होती.

"हे काय?" मी विचारलं.

"ब्रँडिंग आहे, काका."

"रेघांवर का?"

"सेंटरला आल्या ना त्या. आणि तुमच्या आहेतच की आत, कुठे जातायत?"

मी त्याच्याशी तासन्‌तास भाव केला होता. स्क्रूचा, तागाचा, राळेचा, टेम्पोच्या फेऱ्यांचा. रेघांवर काही चिकटवायचं नाही, याचा भाव केला नव्हता. माझ्या डोक्यातच आलं नाही की असं कुणी करेल. बाकी सगळ्या बाबतीत मला हुशार म्हणतात. मी तिथेच आवाज चढवला असता, पण मुलं पहिल्यांदाच खुर्च्यांवर बसून वह्या उघडत होती आणि मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. मी चपला घातल्या आणि निघून आलो.

श्रावणात नाशकात कशी झड लागते ते इथल्यांना सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं. अभ्यासिकेत खिडक्या बंद, आत चाळीस मुलं, त्यांचे ओले रेनकोट खुर्च्यांच्या पाठींवर. मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. आवाज शाळेतलाच होता.

"तुम्ही जरा येऊन बघता का? मुलं म्हणतायत, खुर्चीला कान फुटलेत."

"काय फुटलंय?"

"कान. या तुम्ही."

मी गेलो. खरंच कान होते. बैठकीच्या कडेखालून, तागाच्या कापडाला फाडून, करड्या पांढऱ्या धिंगरीचे घोस बाहेर आले होते. एकावर एक, चांगले तळहाताएवढे. काही बैठका खालून मऊ होऊन खचल्या होत्या. एक मुलगी वाचता वाचता तिरकी होऊन पडली होती, तिच्या कोपराला खरचटलं होतं. फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं, आजची भाजी. मुलं मला बघून हसू दाबत होती. मी मोजलं. अठ्ठावीस. कमी नाही, जास्त नाही. भट्टीतून गेलेल्या बारा खुर्च्या कोरड्या ठणठणीत होत्या. वाजवल्या, तर टणटण.

तेवढ्यात डिझायनरही आला. बाईंनी त्यालाही बोलावलं होतं. मला वाटलं, आता हा काहीतरी सायन्स सांगेल. त्याने सायन्स सांगितलं नाही. त्याने खाली बसून एक खुर्ची उलटी केली, अंगठ्याच्या नखाने स्वतःचा हिरवा स्टिकर खरवडून काढला, आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, आमचं फक्त डिझाइन आहे. मॅन्युफॅक्चरिंग यांचं. ही बघा, यांची खूण."

तीन रेघा. माझ्या हातच्या. स्टिकरचा डिंक लागून काळपट झालेल्या.

मी त्याची कॉलर धरली. धरली हे सांगताना मला लाज नाही. बाई मध्ये आल्या. "इथे मुलं आहेत," एवढंच म्हणाल्या. मी सोडली.

"या भट्टीत घातल्या होत्यास?" मी विचारलं.

"काका, प्रोसेस तुमची होती."

"बारा मी भाजल्या. अठ्ठावीस तू नेल्यास. घातल्या होत्यास की नाही?"

"आपण हे इथे नको बोलूया."

"कुठं बोलूया? लॅबमध्ये?"

तो शर्ट सारखा करून निघून गेला. बाईंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, म्हणून ते जास्त लागलं. म्हणाल्या, "आमच्या घरी तुमचा एक झोपाळा आहे. माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. ते सांगायचे, तीन रेघा दाखवल्या की तुम्ही दुरुस्त करून देता. खरं आहे ना ते?"

मला सांगता आलं असतं की या मी भाजल्या नाहीत. मी या खुर्च्यांवर चहा प्यालो नाही. त्या बाईंना काय, नाशकातल्या कुठल्याही माणसाला चहाचं काय माहीत? त्यांना रेघा माहीत. आणि रेघा माझ्याच होत्या.

"खरं आहे," मी म्हणालो.

कुजलेला ठोकळा दुरुस्त होत नाही. मी अठ्ठावीस बैठका, अठ्ठावीस पाठी लाकडाच्या केल्या, त्याच चौकटींवर, नव्या पट्ट्या लावून. बाकीची कामं बाजूला ठेवली. एका हॉटेलवाल्याने शिव्या घातल्या, मी परत घातल्या. अकराव्या दिवशी खुर्च्या अभ्यासिकेत होत्या. अठ्ठावीस वेळा चहा प्यालो. बायको म्हणाली, ॲसिडिटीने मराल. पण या वेळी क्रम बरोबर होता.

जुन्या बैठका शेडच्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत, पट्ट्यांसकट. चाचा येता-जाता विचारतात, "शेठ, आज किती किलो निघाली?" पेठच्या बाई नंतर आल्या तेव्हा त्यांनी एक घोस तोडून वास घेतला आणि फेकून दिला.

"खाऊ नका हां, दादा. तुमची राळ पिलीय हिनं."

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणालो.

"सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. आणि पुढच्या तुसाला भाव वाढवला. मी दिला.

डिझायनर अजून फिरतोय. मोबाइलवर दिसतो. उगवलेली खुर्ची, उगवलेला दिवा, आता म्हणे उगवलेली भिंत. त्याच्या व्हिडिओत माझ्या शेडमधले हात दिसतात, मनगटापर्यंत. तोंड नाही. लोक खाली बदाम टाकतात. माझ्याकडे मात्र दोन जुनी गिऱ्हाइकं येऊन गेली आणि हसत म्हणाली, काय शेठ, तुमच्या खुर्च्यांना अळिंबी येते म्हणे. एवढ्या वर्षांत रेघांबद्दल कुणी हसलं नव्हतं.

मागे लावून ठेवलेल्या अठ्ठावीस पट्ट्यांपैकी एकीवरचा स्टिकर त्याने स्वतः काढला. सत्तावीसवर तो अजून आहे. मी काढलेला नाही, कुणाला हात लावू दिलेला नाही. मालक म्हणून कोणी सही केली होती ते त्यावर हिरव्या अक्षरांत छापलेलं आहे.

मला त्याच्याकडून काही परत नको. माफीही नको, ती तो माइकवर फार छान मागेल. मला एक उत्तर हवं आहे. त्याने अभ्यासिकेत यावं, त्याच मुलांसमोर, त्याच बाईंसमोर. खुर्ची मी देतो, माझी, भाजलेली, त्या बारांतली. त्याने तिच्यावर बसावं. चहा मी सांगतो. तो चहा संपेपर्यंत त्याला सांगायचं आहे की त्या अठ्ठावीस खुर्च्या भट्टीत गेल्या होत्या की नव्हत्या. हो किंवा नाही. लॅब नको, प्रोसेस नको, काका नको.

बोल. घातल्या होत्यास का?